पहिल्या शॉर्टफिल्मसाठी कॅमेरा घेताना

पहिली शॉर्टफिल्म करायची ठरली की ‘फोर-के (म्हणजे जास्त बारकाव्याचं चित्र) आहे का?’ हाच प्रश्न आधी येतो. आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी वेगळंच सांगतो. दुकानात कॅमेरा हातात आला की आधी त्याच्या बाजूची रबरी झाकणं उघडा. आत बाहेरचा माइक लावायचा जॅक हवा आणि हेडफोनचाही हवा. संवाद असलेली फिल्म करायची असेल तर हे दोन्ही नसलेल्या कॅमेऱ्यावर पैसे घालू नका.

चित्र थोडं दाणेदार असलं तर प्रेक्षक चालवून घेतात, पण संवाद कळला नाही की फिल्म तिथेच हातातून जाते. साध्या कॅमकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी कॅमेरा स्वतःच ठरवतो. पात्र बोलतंय तोवर सगळं ठीक वाटतं. ते क्षणभर थांबलं की कॅमेरा पातळी चढवतो आणि पंख्याची घरघर, रस्त्यावरची रिक्षा वर येते. पुढचं वाक्य सुरू झालं की घरघर पुन्हा दबते. भावुक प्रसंगातली शांतताच सगळ्यात गोंगाटाची होते आणि एडिटिंगमध्ये हे नीट दुरुस्त होत नाही. म्हणून मेनूत ऑडिओ मॅन्युअलवर टाकता येतो का ते पाहाच. बोलणं कॅमेऱ्याच्या ऑडिओ मीटरवर साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्याला आवाज फाटतो) राहील अशी पातळी लावायची आणि शूटिंगभर कुणीतरी हेडफोन घालून बसायचं.

आता कॅमकॉर्डर की मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला कॅमेरा? कॅनन एक्सए ११ सारख्या कॅमकॉर्डरला २० पट झूम आहे, एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या जाड प्लगचे व्यावसायिक माइक थेट लागतात आणि तासभर सलग रेकॉर्डिंग होतं. नाटक, कीर्तन, मुलाखती, माहितीपट यांसाठी मी आजही असाच कॅमेरा सुचवेन. त्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) मात्र लहान असतो. संध्याकाळच्या उजेडात चित्रात दाणे येतात आणि पात्रामागची भिंतही पात्राइतकीच स्पष्ट दिसते. याची एक चांगली बाजूही आहे. फोकस सांभाळायला वेगळा माणूस नसेल तर लहान सेन्सरवर फोकस सहज सुटत नाही.

गोष्ट सांगणारी फिल्म असेल तर माझं मत सेकंडहँड एपीएस-सी (कॅमकॉर्डरपेक्षा बराच मोठा सेन्सर) मिररलेसकडे झुकतं. फक्त ५० एमएमच्या स्वस्त लेन्सच्या मोहात कॅमेऱ्यासोबत येणारी, साधारण १८-५५ एमएमची किट लेन्स सोडू नका. वन रूम किचनमध्ये भिंतीला पाठ टेकवून दहा फूट मागे उभे राहिलात, तरी ५० एमएममध्ये जेमतेम तीन फूट उंची मावते, म्हणजे माणूस कंबरेपासून वर. दोन पात्रं आणि ओटा एकाच फ्रेममध्ये हवा असेल तर १८ एमएमच लागते.

सेकंडहँड बाजारात लग्नाच्या शूटिंगचे जुने, खांद्यावरचे कॅमेरे भारदस्त दिसतात. त्यातले बरेच फक्त इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत चित्र रेकॉर्ड करतात, त्यामुळे कॉम्प्युटरवर हलत्या माणसाच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. मिनी-डीव्ही टेपचा कॅमेरा तर घेऊच नका. फुटेज उतरवायला फायरवायर नावाचं जुनं पोर्ट लागतं आणि ते आजच्या लॅपटॉपला नसतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर असेल तर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसू शकतात. मेनूत पॅल (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) निवडून २५ फ्रेम आणि १/५० शटर लावा. हेच शटर भर उन्हात ठेवून मागचं धूसर हवं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच लागते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ २.८ असेल तर साधारण एनडी ६४, म्हणजे प्रकाश ६४ पट कमी करणारी.

शक्य असेल तर घेण्याआधी तोच कॅमेरा एक दिवस भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत तो सहज मिळतो. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा मोठ्या चित्रपटाआधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं चित्रित करून दाखवलं. ती छोटी फिल्म पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. तुमचीही चाचणी अशी नेमकी असू दे. एका मित्राला ट्यूबलाइटखाली आणि मग खिडकीपाशी बसवून तेच चार संवाद बोलायला लावा. खिडकीच्या गजांवरून कॅमेरा झपकन फिरवा आणि गज किती तिरके होतात ते पाहा, जितके कमी तितकं चांगलं. लेन्सवर झाकण लावून आयएसओ चढवा, म्हणजे सेन्सरवरचे खराब ठिपके दिसतील.

मग ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर एडिट करून बघा. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाभराचं फुटेज ४५ जीबी होतं, तेव्हा व्ही ३० ची (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारी) दोन कार्डं आणि वेगळी हार्डडिस्क यांचे पैसे बजेटमध्ये आधीच बाजूला काढा. प्लेबॅक अडखळत असेल तर कॅमेऱ्यात एच.२६५ या लॅपटॉपला जड जाणाऱ्या व्हिडिओ फॉरमॅटऐवजी एच.२६४ निवडा आणि तेच चार संवाद पुन्हा शूट करा.