तिसऱ्या दिवशी ‘स्वीकृत’? शोधनिबंध पाठवताना या चुका टाळा

आमची डिचोलीची एक विद्यार्थिनी खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतातल्या मातीवर काम करत होती. तिचा निबंध एका जर्नलने तिसऱ्याच दिवशी स्वीकारला आणि पैसे भरताच छापला. तक्त्यात दशांशचिन्ह सुटलं होतं : मातीचा सामू (पीएच) ५.८ ऐवजी ५८. सामूची मोजपट्टी ० ते १४ ची. एका माणसाने जरी तो तक्ता वाचला असता, तरी चूक तिथेच सापडली असती.

झटपट होकार म्हणजे कामाची पावती, ही समजूत सगळ्यात महागात पडते. जर्नलने नेमलेला त्या विषयाचा जाणकार, म्हणजे समीक्षक, निबंध वाचतो, शंका काढतो, आकडे तपासायला सांगतो. याला बहुतेकदा महिने लागतात. ‘पेपर चांगला, व्याकरण तपासा’ एवढ्या एका ओळीला समीक्षा म्हणू नका.

जर्नलवरचा आयएसएसएन क्रमांक पाहून भरवसा ठेवू नका. गाडीची नंबरप्लेट बघून ब्रेक लागतात की नाही ते कळत नाही. हा क्रमांकही तसाच, फक्त ओळखीपुरता. ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’सारख्या, जर्नलचा प्रभाव मोजल्याचा आव आणणाऱ्या बिरुदांना भुलू नका. स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत असल्याचा दावा असेल तर नाव स्कोपसच्याच यादीत शोधा आणि संकेतस्थळाचा पत्ताही जुळवा, कारण नामांकित जर्नलांच्या नावाने बनावट साइट चालतात.

‘यूजीसी-केअर मान्य’ ही जाहिरात आता ग्राह्य धरू नका. मान्य जर्नलांची ती यादी बंद झाल्याचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्तीही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम आधी विचारा, मग घाई करा.

फी घेणारं प्रत्येक जर्नल मात्र लुबाडणारं नसतं. चांगली खुली (कुणालाही फुकट वाचता येणारी) जर्नलंही फी घेतात. ती डीओएजे या खुल्या जर्नलांच्या यादीत पाहा.

निबंध पाठवल्यावर संशय आला तर? कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका, पैसे भरू नका, निबंध मागे घेत असल्याचं लेखी कळवा. ‘मागे घेण्याची फी’ मागितली तर तो पत्रव्यवहार जपून गाईडला आणि ग्रंथपालांना दाखवा. छापून आल्यावर तोच निबंध दुसरीकडे पाठवला तर दुबार प्रकाशनाचा ठपका येतो, म्हणून वेळीच हालचाल करा.

आमच्या त्या विद्यार्थिनीने दुरुस्तीसाठी जर्नलला चार ईमेल पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. ‘सर, कुणी हा आकडा उचलला तर?’ असं ती मला विचारत होती. तिच्या नावाखाली तो ५८ अजून तसाच आहे.