प्रेक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटातच का निघून जातात? या चुका टाळा

गेल्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत मी व्हिडिओ केला. शीर्षक दिलं, 'एका काडीवर किती डोळे ठेवायचे?' (डोळे म्हणजे वेलीच्या काडीवर जिथून नवी फूट निघते त्या जागा.) सुरुवात मात्र ड्रोनमधून दिसणाऱ्या बागेची. मग 'नमस्कार शेतकरी मित्रांनो', चॅनलची ओळख, सबस्क्राइब करण्याची विनंती, नाशिकच्या द्राक्षांची थोरवी. काडीला कात्री लागली ती 2 मिनिटं 40 सेकंदांनी! यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक टिकले ते दाखवणारा आलेख उघडला, तर रेघ 30 सेकंदांच्या आतच घसरलेली. निफाडच्या बागायतदाराला द्राक्षांची थोरवी मी काय सांगणार? त्याच्याकडे सकाळी छाटणीला मजूर येणार होते.

आता मी काडी हातात धरून, डोळे मोजतच बोलायला लागतो. डोळ्यांचा आकडा सगळ्या बागांना सारखा नसतो, वाण आणि काडी तपासणीत घड कितव्या डोळ्यावर दिसतो त्यावर तो ठरतो, हेही तिथेच सांगतो. ओळख नंतर, एका वाक्यात.

दुसरी चूक म्हणजे फक्त सरासरी बघणं. लोक सरासरी तीन मिनिटं थांबले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. रेघ कुठे मोडते ते बघा आणि नेमका तो सेकंद स्वतः लावून ऐका. रेघ मध्येच वर चढली, तर लोक तो भाग मागे नेऊन पुन्हा बघत असतात किंवा थेट तिथे उडी मारत असतात. माझ्या त्याच व्हिडिओत असा एक उंचवटा होता. मी खूश झालो. पण ऐकल्यावर कळलं, छाटणीनंतर डोळ्यांना लावायच्या औषधी पेस्टचं प्रमाण सांगताना शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू होता. लोकांना आकडा ऐकूच येत नव्हता. तेव्हापासून कॉलर माईकला फोम लावतो आणि प्रत्येक प्रमाण पडद्यावर अक्षरांत देतो. औषधाचा आकडा चुकीचा ऐकला गेला तर नुकसान बागेचं होतं.

चॅप्टर, म्हणजे वर्णनात वेळ लिहून पाडलेले व्हिडिओचे भाग, दिले तर लोक उड्या मारतील, ही भीती सोडा. हवं ते सापडलं नाही तर माणूस व्हिडिओच बंद करतो. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन चॅप्टर आणि प्रत्येक निदान 10 सेकंदांचा.

व्हिडिओ आधीच टाकलाय? त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही, पण स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवातीचा भाग कापता येतो. व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात. मीही ड्रोनचा भाग असाच काढला.

आणि शेवटी 'चला तर मग, इथेच थांबूया' म्हणू नका. ते ऐकताच बोट बाहेर जायच्या बटणाकडे वळतं. पुढचा व्हिडिओ सुचवणारी एंड स्क्रीन शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत लावता येते. पेस्ट कशी लावायची हा पुढचा प्रश्न बोलता बोलता काढा आणि त्याच क्षणी तो व्हिडिओ पडद्यावर येऊ द्या.