पोस्टफिक्स शिकायला बसणाऱ्यांसाठी चार अनुभवाचे बोल

लिनक्समध्ये नोकरी शोधणारी मुलं हल्ली थेट डॉकर, कुबरनेटिसपासून सुरुवात करतात. करावी, हरकत नाही. पण डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था), टीएलएस (जोडणीवरचं एन्क्रिप्शन), फाइल परमिशन, क्यू, लॉग आणि डिस्क एकाच ठिकाणी हाताळायला मिळतात ती जागा म्हणजे मेल सर्व्हर. मी होस्टिंग सपोर्टमध्ये बरीच वर्षं काढली. तिथे ‘मेल जात नाहीये’ हे टिकिट उघडलं नाही असा दिवस आठवत नाही. पोस्टफिक्स हे लिनक्सवरचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर; ते घेऊन स्वतःचा मेल सर्व्हर उभा करून शिकायचं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घरातल्यांचे, बँकेचे, ओटीपीचे मेल मात्र आहेत तिथेच राहू द्या. शिकण्यासाठी वेगळं स्वस्त डोमेन घ्या.

सॉफ्टवेअर बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी अडचण अशी की तुमचा मेल घ्यायचा की नाही हे समोरचा सर्व्हर ठरवतो, आणि तो तुम्हाला ओळखत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न सर्व्हर ठेवायचा कुठे. घरच्या फायबरवर बहुधा जमत नाही. आयपी पत्ता बदलता असतो किंवा सीजीनॅटच्या मागे (एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला) असतो, आणि ब्लॅकलिस्ट चालवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएल यादीत (‘इथून थेट मेल येऊ नये’ अशा आयपींची यादी) घरगुती आयपींच्या रेंज आधीच टाकलेल्या असतात. मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात तो पोर्ट २५ गूगल क्लाउडवर बाहेर जाण्यासाठी सहसा बंद असतो. ॲमेझॉनच्या ईसीटूवर तो सुरुवातीला बंद असतो, अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. म्हणून व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेताना दोनच गोष्टी विचारा: पोर्ट २५ बाहेर उघडा आहे का, आणि रिव्हर्स डीएनएस म्हणजे पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) मला लावता येईल का. यापैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर पैसे भरू नका.

पीटीआर तुमच्या डोमेनच्या डीएनएस पॅनलमध्ये सापडत नाही, तो आयपी देणाऱ्याकडे लागतो. सर्व्हरचं नाव, त्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद), आयपीचा पीटीआर आणि पोस्टफिक्स समोरच्याला हेलो म्हणताना सांगतो ते नाव, ही चारही जुळली पाहिजेत. आयपीव्ही६ पत्ता असेल तर त्यालाही पीटीआर हवा. अनेक व्हीपीएसवर आयपीव्ही६ आपोआप चालू असतो, मेल त्याच वाटेने निघतो आणि जीमेल तो परतवतो. आयपीव्ही६ची तयारी नसेल तर ‘आयनेट_प्रोटोकॉल्स’मध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा आणि पुढे चला.

मग सॉफ्टवेअर: मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्समधले मेल युजरला वाचायला देणारा डोव्हकॉट, स्पॅम गाळणारा आरस्पॅमडी. पोस्टफिक्स वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिला आणि १९९८मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्यामुळे नेटवर त्याच्या रेसिप्या उदंड आहेत आणि अर्ध्याअधिक शिळ्या. डोव्हकॉटचं तर विचारूच नका. २.४ आवृत्तीत कॉन्फिगचे कितीतरी शब्द बदलले. ‘मेल_लोकेशन’ जाऊन ‘मेल_ड्रायव्हर’ आणि ‘मेल_पाथ’ आले. डेबियन १३मध्ये हीच आवृत्ती येते, तेव्हा २.३ची रेसिपी तिथे चिकटवली की डोव्हकॉट सुरूच होत नाही. ‘पोस्टकॉन्फ -एन’ ही आज्ञा पाठ करा. तुम्ही मूळ सेटिंगमध्ये काय काय बदललंय तेवढंच ती दाखवते. त्यातल्या एखाद्या ओळीचा अर्थ सांगता येत नसेल तर ती ओळ तिथे का आहे ते आधी शोधा.

बसवून झालं की मेल क्लायंट जोडायची घाई नको. टेलनेट या साध्या जोडणीच्या आज्ञेने पोर्ट २५वर जा आणि हाताने बोला. सर्व्हर २२० म्हणतो. तुम्ही ‘एहलो’ आणि स्वतःचं नाव सांगता, तो २५०च्या ओळींत काय काय येतं ते वाचून दाखवतो. ‘मेल फ्रॉम’ला २५०, ‘आरसीपीटी टू’ला २५०, ‘डेटा’ म्हटलं की ३५४. मग मजकूर टाकायचा आणि शेवटी एका ओळीवर एकटा टिंब. हा संवाद एकदा हाताने केलेल्या माणसाला पुढे लॉग वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय ‘मेल फ्रॉम’ हा पाकिटावरचा पत्ता आणि मजकुरातली ‘फ्रॉम’ ओळ हा आतल्या कागदावरचा मायना, दोन्ही वेगळे असू शकतात, हेही इथेच कळतं. एसपीएफ (या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरनी पाठवायचा ते सांगणारी डीएनएस नोंद) पाकीट तपासतो आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) मायना बघतो. हा फरक ज्याच्या डोक्यात बसला नाही तो वर्षभर एसपीएफशीच झटापट करत राहतो.

नवशिक्यांचा पहिला अडथळा ठरलेला: फोनवरून मेल पाठवला की ‘रिले ॲक्सेस डिनाइड’. कोड ४५४ किंवा ५५४. याचा अर्थ सर्व्हर म्हणतोय, बाबा, तू लॉगिन केलेलं नाहीस आणि मेल बाहेरचा आहे, मी का नेऊ? उपाय म्हणजे पोर्ट ५८७ किंवा ४६५वर युजर-पासवर्डने लॉगिन. पण लोक काय करतात, तर ‘मायनेटवर्क्स’मध्ये (लॉगिन न विचारता ज्यांचा मेल न्यायचा त्या आयपींची यादी) आयपीच्या रेंज वाढवत सुटतात. एक दिवस तिथे सगळं जग बसवलं की झाला ओपन रिले, म्हणजे कुणाचाही मेल कुठेही नेणारा सर्व्हर. त्यातून स्पॅम वाहायला लागायला वेळ लागत नाही.

लॉग

डेबियन १२पासून आरसिसलॉग (लॉग फाइलींत लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही. त्यामुळे ‘/व्हार/लॉग/मेल.लॉग’ शोधत बसाल आणि फाइलच नसेल. जर्नलसीटीएल या आज्ञेने बघा, नाहीतर आरसिसलॉग बसवून घ्या. रेडहॅटच्या घराण्यात या फाइलचं नाव ‘मेललॉग’ असतं. क्यूत म्हणजे पाठवायच्या रांगेत आलेल्या प्रत्येक मेलला क्यू आयडी हा ओळखक्रमांक मिळतो. तो धरून लॉगमध्ये ग्रेप मारला (शोध घेतला) की मेल आला कुठून, गेला कुठे, सगळी कहाणी सलग दिसते.

एक ओळ नीट बघू. ‘डिलेज=०.०५/०.०१/३०/०’, पुढे ‘स्टेटस=डिफर्ड’ आणि कंसात कनेक्शन टाइम्ड आउट. चार आकड्यांचे चार अर्थ: क्यूत येईपर्यंतचा वेळ, क्यू मॅनेजरकडे गेलेला वेळ, समोरच्याशी जोडणी करण्यातला वेळ, आणि प्रत्यक्ष मेल देण्यातला वेळ. इथे तिसरा आकडा ३० आहे. पोस्टफिक्स जोडणीसाठी मुळात ३० सेकंदच थांबतो. म्हणजे समोरच्याचं दार वाजवता वाजवताच वेळ संपला. सगळ्याच डोमेनना असं होत असेल तर तुमचा पोर्ट २५ बंद आहे, कॉन्फिगला हात लावू नका. एकाच डोमेनला होत असेल तर गडबड बहुधा पलीकडे आहे. आणि चौथा आकडा फुगलेला दिसला तर समोरचा तुमचा मेल घेताना रेंगाळतोय.

४ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘नंतर या’. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस प्रयत्न करत राहतो. ५ने सुरू होणारा म्हणजे ‘नाही म्हणजे नाही’. आणि ‘स्टेटस=सेंट’ म्हणजे समोरच्या सर्व्हरने घेतला, एवढंच. तो इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये, हे तुमचा लॉग सांगू शकत नाही. कस्टमरला ‘आमच्याकडून गेलाय’ सांगून टिकिट बंद करणारे खूप भेटतील. तसं करू नका, किमान मिळालेल्या मेलचे हेडर (मेलच्या वरच्या तांत्रिक ओळी) मागवून घ्या.

फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. कुणीही पाठवत असो, एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) हवा, पीटीआर हवा, टीएलएस हवा. जीमेलला दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही आणि वर डीमार्कही. तुम्ही छोटे असलात तरी तिन्ही लावा. यात दोन जागी हमखास माती खाल्ली जाते. एक, एसपीएफचे दोन रेकॉर्ड. न्यूजलेटरवाला म्हणतो आमची ओळ घाला, कस्टमर दुसरा टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली मजकुराची नोंद) बनवतो, आणि दोन्ही मिळून परमएरर, म्हणजे एसपीएफ तपासणीच बाद. रेकॉर्ड एकच, त्यात इन्क्लूड वाढवायचे, आणि डीएनएसच्या चौकश्या १०च्या आत ठेवायच्या. दुसरी, डीकेआयएमची २०४८ बिटची की. टीएक्सटीमध्ये एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि ही की त्याहून लांब असते, म्हणून तुकडे करून अवतरणचिन्हांत द्यावी लागते. काही पॅनल ती गुपचूप कापतात. डीएनएसला विचारणाऱ्या डिग या आज्ञेने काढून मूळ फाइलशी शेपटापर्यंत ताडून बघा.

येणाऱ्या मेलच्या बाजूचा एक सापळा सांगतो, कारण तो रात्री-अपरात्री गाठतो. ब्लॅकलिस्ट तपासायला पोस्टफिक्समध्ये स्पॅमहाउसची झेन यादी लावलीय, आणि सर्व्हरचा डीएनएस गूगलचा ८.८.८.८ आहे. अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) आलेल्या चौकशीला स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. तो ब्लॅकलिस्टचा शेरा नसतो, ‘अशी विचारणा चालणार नाही’ असा निरोप असतो. पण पोस्टफिक्सला काहीतरी उत्तर आलं एवढंच दिसतं आणि तो येणारा प्रत्येक मेल परतवून लावतो. सर्व्हरवर अनबाउंड बसवून स्वतःचा रिझॉल्व्हर ठेवा, आणि यादीपुढे कुठली उत्तरं ग्राह्य धरायची तेही लिहा: १२७.०.०.२ ते १२७.०.०.११.

क्यू तुंबली तर

इचलकरंजीच्या एका सूतव्यापाऱ्यांचा फोन असा होता: “साहेब, सकाळपासून बिलं जाईनात, पार्टी ओरडायला लागलीये.” मेलक्यू बघितली तर स्क्रीन थांबेना. पाठवणारा एकच, त्यांचा अकाउंट्सचा मेल आयडी. घेणारे कुठले कुठले परदेशी पत्ते. पासवर्ड फुटलेला.

अशा वेळी हात शिवशिवतात ते ‘पोस्टक्यू -एफ’ मारायला, म्हणजे सगळी क्यू लगेच पाठवायला. मारू नका, त्याने स्पॅम आणखी जोरात बाहेर पडतो. आधी ‘पोस्टसुपर -एच ऑल’ने (एच छोटा) सगळी क्यू धरून ठेवा. लॉगमध्ये ‘एसएएसएल_युजरनेम’ मोजून दोषी आयडी नक्की करा, कारण पाकिटावरचा पत्ता खोटा असू शकतो, लॉगिनचं नाव नाही. पासवर्ड बदला आणि पोस्टफिक्स रीस्टार्ट करा, नाहीतर आधी लॉगिन करून बसलेला तसाच पाठवत राहतो. मग त्या पाठवणाऱ्याचे मेल काढून टाका आणि उरलेले सोडा: तीच आज्ञा, फक्त एच मोठा. ‘-डी ऑल’ने सरसकट पुसलंत तर त्यांची खरी बिलंही गेली म्हणून समजा.

ब्लॅकलिस्टमधून नाव काढायचा अर्ज सगळ्यात शेवटी. स्पॅम चालू असताना अर्ज केला की नाव निघतं, पुन्हा लागतं, आणि दुसऱ्यांदा काढणं जड जातं. फेलटूबॅन इथे कामाचं नाही. ते चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला अडवतं, ज्याच्याकडे बरोबर पासवर्ड आहे त्याला नाही. त्यावर इलाज म्हणजे आरस्पॅमडीत दर युजरमागे मेलची मर्यादा.

बाकीचे आजार किरकोळ, पण वेळखाऊ. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट नवं होतं आणि डोव्हकॉट जुनंच दाखवत राहतो, कारण रीलोड कुणी केला नाही. सर्टबॉटच्या डिप्लॉय-हुकमध्ये ती ओळ टाका. एखादं डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’ अशा दोन्हीकडे लिहिलं की चांगला चालता मेलबॉक्स ‘युजर अननोन’ होतो. ‘डीएफ -एच’ म्हणतं जागा आहे, तरी मेल लिहिला जात नाही. तेव्हा ‘डीएफ -आय’ बघा. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल वेगळी फाइल असते, त्यामुळे जागेआधी आयनोड (दर फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद) संपतात.

इंटरव्ह्यूला गेलात की पोर्ट २५ आणि ५८७ मधला फरक विचारतीलच. २५ सर्व्हर-सर्व्हरसाठी, ५८७ लॉगिन केलेल्या युजरसाठी, एवढं पुरतं. मी स्वतः मुलं घ्यायला बसतो तेव्हा एवढंच म्हणतो: “कस्टमरचा मेल जात नाहीये, काय कराल?” काही जण लगेच ‘सर, सर्व्हिस रीस्टार्ट करीन’ म्हणतात. जो उलट मलाच विचारतो, ‘कुठल्या आयडीवरून, कोणाला, किती वाजता, आणि बाउन्समध्ये काय लिहून आलंय?’ त्याला मी लॅपटॉप देतो आणि तुंबलेली क्यू उघडून समोर बसवतो.