बीअरच्या चोथ्यापासून कुत्र्यासाठी बिस्किटं कशी करावीत

घरी बीअर करणाऱ्याला चोथ्याचं काय करायचं हा प्रश्न दर खेपेला पडतो. वीस लिटरच्या एका बॅचला चार-पाच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, लागतं आणि त्यातून निघालेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, गाळून घेतला की भांड्यात पाच-सहा किलो ओला चोथा उरतो. मॅशमध्ये, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत असताना, ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला तासभर राहिल्यावर बार्लीतल्या स्टार्चची साखर होते आणि ती पाण्याबरोबर निघून जाते. मागे राहतात टरफलं, तंतू आणि बरीचशी प्रथिनं. सुक्या वजनाच्या निदान एक पंचमांश प्रथिनंच असतात. बहुतेक निरोगी कुत्र्यांना त्याची बिस्किटं आवडतात आणि पचतातही. ती नीट जमायला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: चोथा कधी बाजूला काढला आणि बिस्किट किती वाळवलं. बाकी सगळं त्या मानाने सोपं आहे.

आधी हॉप्सबद्दल

हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, कुत्र्यासाठी विषारी असतात. कोवळे, वाळलेले, गोळीच्या रूपातले, उकळून झालेले, सगळेच. पोटात गेले तर काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, कुत्र्याला जोराची धाप लागते, ते अस्वस्थ होतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर जाऊ शकतं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. याने कुत्री दगावली आहेत. ग्रेहाउंडमध्ये अशी प्रकरणं जास्त आढळली आहेत, पण कोणत्याच जातीला यातून सूट नाही.

सुदैवाने नेहमीच्या पद्धतीत चोथा हॉप्सच्या आधीच बाहेर येतो. आधी मॅश, मग गाळणं, मग उकळी आणि हॉप्स उकळीत. त्यामुळे गाळून झाल्याबरोबर, हॉप्सचं पाकीट उघडण्याआधी, बिस्किटांपुरता चोथा स्वच्छ डब्यात काढून झाकण लावा आणि डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. माल्ट पिशवीत भरून मॅश करण्याची पद्धत असेल तर पिशवी उकळीच्याच भांड्यातून उचलली जाते, म्हणून ती पूर्ण निथळवून बाजूला ठेवल्याशिवाय हॉप्सला हात लावू नका. काही जण मॅशमध्येच हॉप्स टाकतात. त्या बॅचचा चोथा कुत्र्यासाठी अजिबात वापरायचा नाही. एखादी गोळी चुकून सांडल्याची नुसती शंका आली तरी तो सगळा चोथा सोडून द्या.

उकळीनंतर भांड्याच्या तळाशी राहिलेला हॉप्सचा गाळ वर्टमुळे गोड लागतो आणि कुत्रं तो हावरेपणाने खातं. तो उघड्या बादलीत किंवा खताच्या ढिगावर टाकू नका, घट्ट झाकणाच्या कचरापेटीत टाका. कुत्र्याने हॉप्स खाल्ल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या.

मॅशमध्ये आणखी काय काय घातलं होतं?

चॉकलेट माल्टचं नाव ऐकून घाबरू नका, ती फक्त जास्त भाजलेली बार्ली असते, तिच्यात कोको नसतो. पण मॅशमध्ये खरोखरचे कोको बियांचे तुकडे, कॉफी, बेदाणे किंवा जायफळ घातलं असेल तर तो चोथा बाद. गव्हाचं प्रमाण जास्त असलेल्या बॅचमध्ये गाळणं सोपं व्हावं म्हणून भाताचं तूस घालतात, तेही नको. त्यात पोषण जवळजवळ नसतं आणि ते घशाला टोचतं.

साहित्य

निथळून पिळलेला चोथा ५०० ग्रॅम, गव्हाचं किंवा ओट्सचं पीठ ३०० ग्रॅम, पीनट बटर १२५ ग्रॅम आणि दोन अंडी. मीठ, साखर, मध, बेकिंग पावडर, यीस्ट यांतलं काही लागत नाही.

पीनट बटरच्या डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय ते वापरू नका. ‘शुगर-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्रकारांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. यादीत फक्त शेंगदाणे असतील तर उत्तम. मी तर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये वाटून घेण्याच्याच मताची आहे. मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचत बसावं लागत नाही.

कृती

चोथा गरम आणि पाण्याने जड असतो. त्याच्या वजनाचा पाऊण हिस्सा पाणीच असतं. ट्रेवर पातळ पसरा, हात लावण्याइतका निवू द्या आणि जाड सुती कापडात घेऊन पिळा. कापडातून धार थांबून नुसते थेंब पडू लागले की पुरे. इथे कंटाळा केलात तर पुढे पीठ जास्त लागतं आणि बिस्किटात चोथ्यापेक्षा पीठच जास्त होतं.

आता पिळलेला चोथा चिमटीत घेऊन नीट बघा. दाणा आतून रिकामा झालेला असतो आणि टरफल होडीसारखं, दोन्ही टोकांना अणकुचीदार. मोठ्या कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण लहान किंवा म्हाताऱ्या कुत्र्यासाठी चोथा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून रवाळ करून घ्या. वाटलेल्या चोथ्याचं मिश्रण जास्त चांगलं मिळून येतं आणि बिस्किटं लाटताना कडा फाटत नाहीत, म्हणून मोठ्या कुत्र्यासाठीही निदान अर्धा चोथा वाटावा असं मी सुचवेन.

परातीत चोथा, अंडी आणि पीनट बटर हाताने एकजीव करा. पीनट बटरची गाठ कुठे राहत नाही ना, ते बोटांना कळतं. मग पीठ तीन-चार वेळा थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा धरून राहिला आणि तळव्याला चिकटला नाही की पीठ घालणं थांबवा. तीनशे ग्रॅम हा अंदाज आहे. चोथा किती पिळला त्यावर वीस-पंचवीस ग्रॅम इकडेतिकडे होणारच. गोळा झाकून पंधरा मिनिटं ठेवा, तेवढ्यात पीठ पाणी शोषून घेतं.

दोन बेकिंग पेपरांच्या मध्ये गोळा ठेवून सहा-सात मिलिमीटर जाडीची पोळी लाटा. सगळीकडे सारखी जाडी हवी, नाहीतर कडेची बिस्किटं करपतात आणि मधली ओली राहतात. साच्याने आकार काढता येतात, पण कुत्र्याला आकाराचं काही नसतं आणि कापून उरलेले तुकडे पुन्हा पुन्हा लाटावे लागतात. सुरीने सरळ दोन सेंटिमीटरचे चौकोन पाडा.

ओव्हन १७५ अंशांना तापवून बिस्किटं २५ ते ३० मिनिटं भाजा. कडा तपकिरी झाल्या आणि बिस्किट उलटताना मोडलं नाही की भाजणं झालं.

वाळवणं

बाहेरून तयार दिसणारं बिस्किट आतून अजून दमट असतं आणि दमट बिस्किटाला बंद डब्यात दोन-चार दिवसांत बुरशी धरते. चोथ्यातले तंतू पाणी सहज सोडत नाहीत. म्हणून भाजून झाल्यावर ओव्हन १०० ते ११० अंशांवर आणा, बिस्किटं जाळीवर सुटी सुटी मांडा आणि दोन ते तीन तास वाळवा. वाफ बाहेर जायला दार बोटभर उघडं ठेवा, पण तुमच्या ओव्हनला ते चालत असेल तरच. नाहीतर अर्ध्या-अर्ध्या तासाने दार उघडून वाफ सोडा. शेवटी ओव्हन बंद करून बिस्किटं आतच निवू द्या.

झाली की नाही हे ठरवायला सगळ्यात जाड बिस्किट घ्या, पूर्ण निवू द्या आणि मोडा. कट् असा आवाज होऊन तुकडा पडायला हवा. वाकून मग तुटलं, किंवा मोडलेल्या जागी बोट लावल्यावर मऊ, गार लागलं तर अजून पाणी आहे. वजनकाटा असेल तर त्याहून पक्की खूण मिळते: अर्ध्या तासाच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखीच आली की वाळवणं पूर्ण झालं. वर दिलेल्या मापाचं मिश्रण किलोभर होतं आणि त्यातून सहाशे ग्रॅमच्या आसपास बिस्किटं निघतात. साडेसातशे भरत असतील तर ओव्हन पुन्हा लावा.

पूर्ण वाळलेली बिस्किटं हवाबंद डब्यात बाहेर दोन आठवडे, फ्रिजमध्ये महिनाभर आणि फ्रीझरमध्ये तीन-चार महिने टिकतात. दात कमी असलेल्या कुत्र्यासाठी मुद्दाम मऊ ठेवली असतील तर ती फ्रिजमध्येच ठेवून चार दिवसांत संपवा. वासात आंबटपणा आला किंवा कुठे पांढरट लव दिसली तर सगळा डबा टाकून द्यायचा, फक्त खराब तुकडे वेचून चालणार नाही.

किती द्यावी

खाऊ दिवसभरातल्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. या बिस्किटांत ग्रॅममागे साधारण चार कॅलरी धरा. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे त्याच्या वाट्याला पंधरा ग्रॅम बिस्किटं. पहिल्या दिवशी एकच द्या आणि दुसऱ्या दिवशी शी बघा. एवढे तंतू एकदम पोटात गेले की ती पातळ होऊ शकते. धान्याची ॲलर्जी असेल, स्वादुपिंडाचा आजार होऊन गेला असेल किंवा पथ्याचं खाणं चालू असेल तर ही बिस्किटं पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

उरलेला चोथा

ओला चोथा उबदार हवेत त्याच दिवशी आंबायला लागतो. त्यात गोडवा उरलेला असतो, आणि तो आंबला की अल्कोहोलही तयार होऊ शकतं, म्हणून कुत्र्याला बादलीत तोंड घालू देऊ नका. पुढच्या बिस्किटांसाठी ठेवायचा असेल तर पिळून, पाचशे-पाचशे ग्रॅमची चपटी पाकिटं करून लगेच फ्रीझरमध्ये टाका. पाकिटावर तारीख घाला, बॅचमध्ये कोणतं धान्य होतं ते लिहा आणि चोथा हॉप्सच्या आधी काढला होता हेही लिहून ठेवा. वितळल्यावर तो पुन्हा थोडं पाणी सोडतो. पीठ घालण्याआधी परत एकदा पिळून घ्या.