लकवा मारल्यावर रक्तपुरवठा परत आणताना: घरी काय करायचं, दवाखान्यात काय होतं

तोंड वाकडं झालं, उचललेला हात आपोआप खाली आला, बोबडी वळली, यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ला फोन करा. मग माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ कागदावर लिहा. रात्री दहाला बरा झोपला आणि सकाळी सहाला हात उचलेना, तर वेळ रात्री दहाचीच धरतात.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की रक्त तुटलेल्या भागाचा गाभा काही मिनिटांतच मरतो. भोवतालचा पट्टा शेजारच्या वाहिन्यांच्या थोड्याशा रक्तावर तग धरतो. त्याचं काम थांबलेलं असतं, पण जीव असतो. सगळी धावपळ त्या पट्ट्यासाठी. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात.

घरी पाणीसुद्धा पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अ‍ॅस्पिरिन नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. बीपीची गोळीही नको. त्या पट्ट्याला रक्त पोचतंय ते बरेचदा वाढलेल्या बीपीच्या जोरावर. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असेल अशाच हॉस्पिटलात न्या.

तिथे आधी साखर तपासतात, कारण साखर फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं. सीटीत रक्तस्राव नसेल आणि कागदावर लिहिलेल्या वेळेपासून साडेचार तास उलटले नसतील, तर गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज देतात: किलोमागे ०.९ मिग्रॅ, जास्तीत जास्त ९० मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला ५४ मिग्रॅ, त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं ४८.६ तासाभरात. त्याआधी बीपी १८५/११०च्या खाली आणावंच लागतं.

ही घाई आणि ही बंधनं का? रक्ताविना राहिलेल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. उशिरा रक्त परत आलं की त्या पाझरतात, कधी फुटतात. सूज येते, आणि प्राणवायूपासून तयार होणारे घातक कण उरलेल्या पेशींनाही इजा करतात. म्हणून पुढचे २४ तास बीपी १८०/१०५च्या खाली ठेवतात आणि पुन्हा सीटी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन देत नाहीत. औषध चालू असताना डोकं फार दुखलं, उलटी झाली किंवा गुंगी वाढली तर लगेच नर्सला सांगा. औषध थांबवून सीटी करतात.

मोठ्या वाहिनीतली गुठळी बहुधा जांघेतून नळी घालून काढतात, सहसा सहा तासांच्या आत. तो पट्टा अजून जिवंत असल्याचं स्कॅनमध्ये दिसलं, तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. त्यामुळे साडेचार तास उलटून गेले तरी घरी थांबू नका.