मेलन बॉलर वापरताना या चुका टाळा: आधी दाबा, मग फिरवा

उन्हाळा लागला की माझ्याकडे फळांच्या ताटांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि मदतीला आलेल्या मुलींच्या हातात मेलन बॉलर, म्हणजे फळाच्या गराचे गोळे काढायची दांडीची छोटी वाटी, जातो. मुली दरवर्षी नव्या, चूक मात्र तीच. कलिंगडाच्या गरात वाटीची कड तिरकी घुसवायची आणि आइस्क्रीम काढावं तशी ओढत आणायची. निघतो तो एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने सपाट असा फाटक्या कडांचा टवका. मग मुलगी म्हणते, "मावशी, हा स्कूपरच वाईट आहे." स्कूपर चांगलाच असतो, हाताला घाई झालेली असते.

बॉलर म्हणजे चमचा नव्हे, ते गोल पातं आहे. फळ कापून सपाट पृष्ठभाग घ्या, त्यावर वाटी पालथी ठेवा, दांडी आडवी. आता सरळ खाली दाबा, वाटीची पाठ गराच्या पातळीला येईपर्यंत. वाटीला मधोमध बारीक भोक असतं, त्यातून आत कोंडलेली हवा आणि रस बाहेर पडतो. त्या भोकातून रसाचा थेंब वर आला की वाटी भरली. मनगट फिरवायचं ते त्यानंतर. दांडी न उचलता, जागच्या जागी, पूर्ण वेढा द्यायचा. फिरताना वाटी गोळ्याचा खालचा अर्धा भाग कापते. थेंब दिसायच्या आधी फिरवलंत तर वरचा भाग चपटाच राहणार. जोर येण्यासाठी अंगठा बॉलरच्या मानेवर, म्हणजे वाटी आणि दांडीच्या जोडावर ठेवा, भोकावर नको. बिनभोकाचा बॉलर बाजारात स्वस्त मिळतो, तो घेऊच नका. पातळ पत्र्याचाही नको, दुसऱ्याच फळाला त्याची मान वाकते.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण तिच्यामुळे सगळी मेहनत पाण्यात जाते. गोळे काढले रे काढले की त्यांवर साखर, काळं मीठ, लिंबू टाकून "मुरायला" ठेवणं. मुरायला ते काही लोणचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं, मे महिना, साठेक माणसं. आदल्या रात्री तिघींनी बसून कलिंगड आणि खरबुजाचे गोळे काढले, दोन मोठी पातेली भरली. मी घरी गेल्यावर कुणीतरी हौसेने त्यात पिठीसाखर, काळं मीठ आणि पुदिना घालून पातेली फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी झाकण काढलं तर तळाला चार बोटं गुलाबी पाणी आणि वर सुरकुतलेले गोळे. खरबुजाचे तर बोटात धरले की कागदासारखे दबत होते. कलिंगडाच्या गरात सुमारे ९२ टक्के पाणीच असतं. मीठ-साखर बाहेरून लागली की ते पाणी पेशींतून बाहेर खेचलं जातं, आणि एकदा सुटलेलं पाणी परत आत जात नाही. नऊ वाजता माणूस पाठवून नवी फळं आणवली आणि पंगत बसेपर्यंत आम्ही गोळेच काढत होतो. आदल्या रात्रीच्या पाण्याचं सरबत केलं. पण तीन जणींची चार तासांची मेहनत गेली, ती गेलीच.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: गोळे काढले की थेट चाळणीत, चाळणी परातीवर, वर झाकण, आणि फ्रिजमध्ये. मीठ-मसाला वेगळ्या वाटीत. तो पडतो वाढताना, तोही चिमटीने.

फळ आधी दोन-तीन तास गार करा, गार गर नीट कापला जातो. अति पिकलेल्या, रवाळ कलिंगडाचे गोळे होत नाहीत, त्याचा रस काढा. कलिंगडाच्या बिया मधल्या गाभ्याभोवती कड्यासारख्या असतात, म्हणून ताटासाठी गोळे गाभ्यातले घ्या. खरबुजाच्या पोकळीतल्या बिया मोठ्या चमच्याने काढा, बॉलरने टोकरत बसू नका.

एक थर काढून झाला की गरावर खड्डेच खड्डे होतात. तिथेच आजूबाजूला खरवडत राहिलं की अर्धवट तुकडे निघतात. त्यापेक्षा सुरीने तो खडबडीत थर आडवा कापून काढा. तो रसाला जातो आणि खाली पुन्हा सपाट गर मिळतो. सालीलगतच्या पांढऱ्या भागाची धिरडी होतात, तोही टाकू नका.

खरबूज न धुता चिरणं ही चूक मी माझ्या ओट्यावर चालवूनच घेत नाही. त्याच्या जाळीदार सालीत माती आणि जंतू अडकून बसतात, सुरीबरोबर ते गरात उतरतात. २०११ साली अमेरिकेत लिस्टेरिया जंतू लागलेल्या खरबुजांमुळे ३३ माणसं दगावली. वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा, कोरडं पुसा, मगच सुरी लावा. चिरलेलं फळ दोन तासांच्या वर बाहेर नको, मे महिन्यातल्या मांडवात तर एक तासही पुष्कळ.

बटाट्याचे गोळे करायचे तर कच्च्याचेच, आणि काढल्याबरोबर पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. उकडलेला बटाटा वाटीत चिकटतो. भरल्या पडवळाच्या बिया काढायला बॉलरची छोटी वाटी फार कामाची. टोमॅटो पोकळ करताना मात्र सालीपर्यंत खरवडू नका, आत जाडसर भिंत ठेवा. नाहीतर भाजी शिजताना टोमॅटो फुटतो आणि सारण रश्शात येतं.

काम झालं की बॉलर लगेच धुवा. साखरेचा रस वाळून भोक बुजतं, मग पुढच्या वेळी हवा कोंडते आणि पुन्हा चपटे गोळे. मी भोकातून टूथपिक फिरवते, कोरडा करते आणि फडक्यात गुंडाळून वेगळा ठेवते. सुऱ्यांच्या डब्यात टाकला की कडेला खाच पडते, आणि खाच पडलेली वाटी गर कापत नाही, फाडते.