घरी उघडलेले जुने इंजिन पहिल्यांदा हाती येते तेव्हा

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून जी मुले सोलापुरात होटगी रोड किंवा अक्कलकोट रोडकडच्या गॅरेजांत उमेदवारीला लागतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. फायरिंग ऑर्डर, टॅपेट, प्लगचा गॅप हे तुम्हाला येते असे धरून चालतो. मला उमेदवारीत सर्वांत जास्त रडवले ते मालकाने घरी उघडून पुन्हा जोडलेल्या गाड्यांनी, त्यातही कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, मारुती ८०० ने. झिजलेले इंजिन महिनोन्महिने हळूहळू बिघडत जाते. घरी उघडलेले इंजिन मात्र शनिवारी ठीक असते आणि रविवारी संध्याकाळी मिसिंग मारू लागते, म्हणजे अधूनमधून ठिणगीचा ठोका चुकवते. दोष बहुतेक वेळा जिथे शेवटचा हात लागला तिथेच असतो, म्हणून पाना उचलण्याआधी विचारून घ्यावे. "काका, कुठली कुठली नळी काढली होती?" असे विचारले की "कार्ब्युरेटर तेवढा धुतला, बाकी हातच लावला नाही ओ" हे उत्तर ठरलेले असते. त्यावर विश्वास ठेवू नये आणि वादही घालू नये. ज्या नटांवर पान्याच्या ताज्या खुणा दिसतात, ते नट खरे सांगतात.

आधी प्लगच्या केबली पाहाव्यात. ८०० च्या तीन सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-३-२ आहे आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला, केबलींना क्रमाने ठिणगी वाटणारा फिरता हात) कोणत्या दिशेने फिरतो हे इंजिन फिरवून स्वतः पाहिल्याशिवाय केबलींना हात लावू नये. हे पाच मिनिटांचे काम आहे, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरा सापळा पुढे आहे, आणि तो सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कार्ब्युरेटर काढला की त्याच्या खालचे पॅकिंग फाटते. घरी दुरुस्ती करणारा माणूस पुठ्ठ्याचे पॅकिंग कापतो, वर सिलिकॉन फासतो आणि नट जीव खाऊन आवळतो. त्याने फ्लँज, म्हणजे कार्ब्युरेटरची बसकी कड, वाकते आणि तिथून इंजिन हवा घेऊ लागते. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाल्यामुळे आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) खाली येते, म्हणून तो माणूस थ्रॉटलचा, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या पाकळीचा, स्क्रू आवळून आरपीएम वाढवतो. आता नीट लक्ष द्या. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचे (इंजिनाच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, स्पार्क लवकर पाडणाऱ्या भागाचे) छिद्र आयडलिंगच्या वेळी थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर, म्हणजे व्हॅक्यूम नसलेल्या बाजूला असते. स्क्रूने पाकळी उघडी राहिली की ते छिद्र व्हॅक्यूममध्ये येते आणि गाडी उभी असतानाच टायमिंग पुढे जाते, म्हणजे स्पार्क लवकर पडतो. मग कोणीतरी टायमिंग लाइट लावतो, टायमिंगची खूण पुढे दिसते, म्हणून तो डिस्ट्रिब्युटर मागे फिरवतो. आयडलिंग आता गोड वाटते, पण मूळ टायमिंग मागे पडलेले असते. स्पार्क उशिरा पडल्यामुळे पिकअप जातो, एक्झॉस्ट तापतो आणि एप्रिल-मेच्या सोलापुरात, पारा चाळिशीच्या वर असताना, गाडी उकळू लागते. आपल्याकडचे पाणी जड आहे हे सर्वांना ठाऊक असल्याने दोष रेडिएटरवर जातो, तो साफ होतो, थर्मोस्टॅट काढून टाकला जातो आणि गाडी तरीही उकळते. दोष एका पॅकिंगचा, पण त्याला झाकण्यासाठी तीन चांगल्या गोष्टी बिघडवलेल्या असतात. तुम्ही त्यांतली कोणतीही एकच सुधारली तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते, आणि आपलेच निदान चुकले असे वाटून नवखा माणूस ती पुन्हा होती तशी करून ठेवतो. इथेच सगळे अडकतात.

हवेची चोरी ओळखण्याची खूण सोपी आहे. आयडलला मिसिंग आणि रेस केल्यावर सुरळीत, असे असेल तर हवेचा संशय घ्यावा, कारण थ्रॉटल बंद असताना इंजिन मुळात थोडीच हवा घेते आणि त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. प्लग किंवा केबल कमजोर असेल तर त्याउलट उड्डाणपुलाच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये झटके बसतात. इंजिन चालू ठेवून एकेक नळी पकडीने दाबावी, ज्या नळीला दाबल्यावर आयडलिंग बदलते ती दोषी धरावी. फ्लँजच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारावा. पेट्रोलचा मारणारे उस्ताद मी पाहिले आहेत, त्यांचे अनुकरण करू नये. नळी सरळ असताना शाबूत दिसते, टोकाजवळ अंगठ्याने वाकवली की केसासारखी चीर उघडते. फ्लँज काढून उलटी धरावी आणि तिच्यावर स्टीलची पट्टी उभी ठेवून उजेडाकडे पाहावे. मधोमध उजेडाची रेघ दिसली की शोध संपला.

व्हॅक्यूम गेज मिळाल्यास जरूर वापरावा. पुस्तकात आयडलला १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) असे लिहिलेले असते, ते समुद्रसपाटीचे आहे. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने इथे काटा दीड इंच खाली राहतो, त्यामुळे १६ दिसले म्हणून घाबरून इंजिन उघडायला घेऊ नये.

दुरुस्तीचा क्रम मात्र मोडू नये. आधी हवेची चोरी बंद करावी, मग टॅपेट (वाल्व्हचा गॅप), मग प्लग. त्यानंतर व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करून टायमिंग लावावे आणि मिश्रणाच्या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा. मधल्या टप्प्यात गाडी वाईट चालली तरी चालू द्यावी. "कान लाव, समजेल" एवढेच सांगणारा उस्ताद कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे फार काळ राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो काय ऐकतो हे त्याने शब्दांत सांगितले पाहिजे. पार्ट बदलत बदलत दोष शोधणाऱ्याकडे तर एक दिवसही काढू नये.

आपल्या गावाची एक खोडही सांगून ठेवतो. चादरी-टॉवेलचे गाव असल्याने गॅरेजात सुताचे वेस्ट स्वस्त आणि भरपूर मिळते, आणि त्याचा एक धागा जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात, बसला की वरचे सगळे निदान फुकट जाते. कार्ब्युरेटर वेस्टने पुसू नये, हवेने फुंकावा, आणि जेटमध्ये तार घालू नये. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात, म्हणून इंधनाच्या नळ्याही त्याच वेळी पाहाव्यात.

गाडी त्याच संध्याकाळी देऊ नये. काही फ्लँज गरम झाल्यावर फुगून बसतात आणि चोरी थांबल्यासारखी वाटते. सकाळी थंड इंजिन सुरू करून मगच खात्री करावी. पहिल्या पाच-सहा गाड्यांत तुम्ही गोंधळाल, त्यात लाजण्यासारखे काहीही नाही, कारण दुसऱ्याने झाकलेला दोष उघडा करायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो. बिलात मात्र शोधण्याची मजुरी वेगळी लिहावी. एका पॅकिंगचे एवढे पैसे कसे, असे काका विचारतीलच. त्यांनी कापलेले पुठ्ठ्याचे पॅकिंग त्यासाठी जपून ठेवावे आणि बिलासोबत त्यांच्या हातात द्यावे.